संगीतसंग्रहाचे ध्वनिसमतलन

एकाच संग्रहातील निरनिराळी ध्वनिमुद्रणे पाठोपाठ लावली असता आवाजाचे बटण सारखे खालीवर करावे लागू नये, म्हणून प्रत्येक मुद्रणाची पातळी मोजून ती एका ठरावीक मानाला आणण्याच्या क्रियेस ध्वनिसमतलन असे म्हणता येईल. ही क्रिया एखाद्या गाण्यापुरती हातानेही करता येते. संग्रह हजारो फायलींचा असेल, तर मात्र ती संगणकाच्या शेलमध्ये चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीकडे, म्हणजे शेल स्क्रिप्टकडे, सोपवणे श्रेयस्कर ठरते. विषय तांत्रिक आहे खरा, पण त्याची मुळे श्रवणशास्त्रात आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात आहेत. आदिलाबादसारख्या सीमावर्ती जिल्ह्यातील संग्रह समोर ठेवला, म्हणजे त्याची गरजही चटकन ध्यानात येते.

तेलंगणाच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या दक्षिणेला वसलेला हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. तरीही बेला, जैनथ या भागांत आणि खुद्द आदिलाबाद शहरात मराठी आजही घरची भाषा आहे. त्यामुळे येथील घरातला संगीतसंग्रह एकभाषी असणे अवघडच. अभंग आणि भक्तिगीते, भीमगीते, तेलुगू व हिंदी चित्रपटगीते, कव्वाल्या, दंडारी या गोंडी नृत्याची गाणी हे सारे एकाच मेमरी कार्डावर नांदते. आदिलाबादच्या आकाशवाणी केंद्रावरूनही तेलुगूच्या जोडीने गोंडी कार्यक्रम प्रसारित होतात. भाषांची ही सरमिसळ कानाला सुखद असते, पातळ्यांची मात्र नसते. 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेले नाट्यपद, ऐंशीच्या दशकातील कॅसेटवरून घेतलेले भक्तिगीत, सीडीवरून काढलेला ख्याल, दिवाळीच्या दिवसांत मोबाइलवर टिपलेली दंडारी आणि वरातीसाठी केलेले डीजे मिश्रण यांच्या पातळ्यांत दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज आढळतो. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुपटीने मोठी वाटते, हे लक्षात घेतल्यास अभंगामागून अचानक डीजे सुरू झाला की घरातील वडीलधारी माणसे का दचकतात, ते सांगावे लागत नाही.

मुद्रित ध्वनीच्या पातळीचे दोन भिन्न अर्थ होतात आणि समतलनाचा बहुतेक घोळ तेथूनच सुरू होतो. एक अर्थ शिखराचा. ध्वनितरंग ज्या सर्वांत उंच बिंदूला पोहोचतो, ते त्याचे शिखर. अंकीय मुद्रणात या उंचीला शून्य डेसिबलचे छत असते, म्हणून सर्व मोजमापे त्याखाली ऋण अंकांत सांगितली जातात. दुसरा अर्थ प्रबलतेचा, म्हणजे आवाज कानाला एकंदर किती मोठा वाटतो याचा. दंडारीतील वाद्ये ऐकणाऱ्यास हा भेद निराळा समजावून द्यावा लागू नये. तुडुम, ढोल आणि डप्पू यांच्या आघाताचे शिखर क्षणार्धात छताला भिडते आणि लगेच ओसरते. दोन आघातांच्या मधली सरासरी बरीच खाली राहते. उलट पेपरे हे फुंकवाद्य किंवा परधान समाजातील गायकांची किकरी ही तंतुवाद्याची जात अखंड वाजत राहते, म्हणून तिचे शिखर आणि सरासरी यांत अंतर थोडे असते. 2021 मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले मारलवाई गावचे गुसाडी कनकराजू यांच्यामुळे देशभर पोहोचलेल्या गुसाडी नृत्याचे एखादे मुद्रण तपासले, तर घुंगूर आणि चर्मवाद्ये यांची टोकदार शिखरे संगणकाच्या पडद्यावर काट्यांसारखी उभी दिसतात.

पहिल्या पिढीतील समतलनाने केवळ शिखरे मोजली. प्रत्येक फाइलचे शिखर छताला नेऊन टेकवायचे, एवढीच ती रीत. गणित सोपे आणि आवाज फाटण्याचे भय नाही, म्हणून ती लोकप्रिय झाली. उपयोगाच्या दृष्टीने मात्र ती जवळजवळ निष्फळ आहे. समजा, तुडुमच्या एका मुद्रणाची प्रबलता उणे 21 आणि डीजे मिश्रणाची उणे 8 आहे आणि दोहोंची शिखरे छताला टेकलेली आहेत. शिखरपद्धतीच्या मते दोन्ही फायली समान झाल्या. ऐकणाऱ्याला मात्र तेरा डेसिबलची दरी जाणवतच राहते. 1990 नंतर व्यावसायिक ध्वनिमुद्रणात शिखरे दाबून सरासरी वर चढवण्याची जी चढाओढ लागली, तिने ही दरी आणखी रुंदावली. 2008 साली आलेला मेटॅलिका या वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम या अतिरेकाचे उदाहरण म्हणून जगभर सांगितला जातो. आपल्याकडील वरातीच्या मिश्रणांना ते उदाहरण होण्याचा मान अद्याप कोणी दिलेला नाही, एवढाच काय तो फरक.

प्रबलता मोजायची तर आधी कानाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये समप्रबलतेचे वक्र प्रसिद्ध केले. समान दाबाचे खर्ज आणि मध्यम उंचीचे स्वर कानाला समान मोठे वाटत नाहीत, खर्जाबाबत कान मंद असतो, हे त्यांतून आकड्यांनिशी दिसले. या ज्ञानावर उभे राहिलेले आजचे प्रमाण म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये स्वीकारलेले ‘बीएस 1770’. त्यात ध्वनी प्रथम दोन गाळण्यांतून जातो. एक गाळणी वरच्या स्वरांना सुमारे चार डेसिबल उचलते, दुसरी अगदी खालचा गुरगुराट कमी करते. मग ध्वनीचे 400 मिलिसेकंदांचे, एकमेकांवर तीन-चतुर्थांश चढलेले तुकडे करून प्रत्येकाची ऊर्जा मोजतात. या मापाचे एकक एलयूएफएस. युरोपीय प्रसारण संघाने ऑगस्ट 2010 मध्ये ‘आर 128’ ही शिफारस काढून दूरचित्रवाणी व नभोवाणीसाठी उणे 23 एलयूएफएस हे लक्ष्य ठरवले.

या पद्धतीतील सर्वांत मार्मिक भाग म्हणजे तिचे द्वार. उणे 70 च्या खालचे तुकडे शांतता समजून वगळले जातात. मग उरलेल्यांची सरासरी काढून तिच्यापेक्षा दहा एककांहून अधिक हळू असलेले तुकडेही सोडून दिले जातात आणि नव्याने सरासरी घेतली जाते. विलंबित ख्यालाच्या आलापीत गायक थांबतो, तेव्हा मागे तानपुरा झंकारतच असतो. ती शांतता निखळ नसते. साध्या सरासरीने असे विराम हिशेबात धरले असते आणि गाणे वास्तविकतेपेक्षा हळू ठरवून उगाच वर उचलले असते. दुसऱ्या द्वारामुळे तानपुऱ्याचे एकटे क्षण बहुधा बाजूला पडतात आणि माप गळ्याचे होते. प्रमाण घडवताना कोणाच्या डोळ्यांपुढे किराणा घराणे नसणार, पण ते आपल्या आलापीला चांगले मानवते.

घरगुती संग्रहांसाठी याच विचाराची निराळी परंपरा आहे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये ‘रिप्लेगेन’ ही योजना मांडली. तिचे तत्त्व असे, की फाइलमधील ध्वनीला हात न लावता, ती वाजवताना किती डेसिबल वरखाली करावी हा आकडा तिच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीच्या नोंदीत, लिहायचा आणि वाजवणाऱ्या उपकरणाने तो पाळायचा. तिची सुधारित आवृत्ती ‘बीएस 1770’ चे माप वापरते आणि उणे 18 एलयूएफएस हे लक्ष्य धरते.

यावरून समतलनाचे, ते कोठे अमलात येते या दृष्टीने, तीन प्रकार होतात. टॅगात आकडा लिहिणे हा पहिला, सर्वांत निरुपद्रवी प्रकार. फ्लॅक स्वरूपाच्या फायलींसाठी ‘मेटाफ्लॅक’ ही आज्ञा हे काम करते. दुसरा प्रकार एमपीथ्री फायलींपुरता आहे आणि तो खरोखर चातुर्याचा आहे. एमपीथ्रीचा ध्वनी 1152 नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो. सीडीच्या दराने एक चौकट सुमारे 26 मिलिसेकंदांची भरते. तिच्यात ‘ग्लोबल गेन’ नावाचा एक आकडा असतो आणि तो एका घराने बदलला की आवाज दीड डेसिबलने बदलतो. ‘एमपीथ्रीगेन’ ही आज्ञा ध्वनी न उलगडता थेट हे आकडे बदलते. त्यामुळे गुणवत्ता तसूभरही ढळत नाही, बदल उलटवता येतो आणि कोणतेही साधे यंत्र तो पाळते, कारण त्याच्या दृष्टीने ती नेहमीचीच एमपीथ्री असते. तिसऱ्या प्रकारात ध्वनी उलगडून, गुणून पुन्हा बांधला जातो. ‘सॉक्स’ आणि ‘एफएफएमपेग’ ही त्याची साधने होत. एमपीथ्री किंवा तत्सम संकुचित फाइल अशी पुन्हा बांधली, की दर वेळी थोडी झीज होतेच. म्हणून हा मार्ग शेवटी, दुसरा उपाय नसेल तेव्हाच धरावा.

आता शेलविषयी. संगणकाला अक्षरी आज्ञा देण्याचे हे माध्यम युनिक्स प्रणालीइतकेच जुने आहे. केन थॉम्प्सन यांचे शेल 1971 चे, स्टीफन बोर्न यांचे 1979 चे, आणि आज लिनक्सवर सर्रास आढळणारे ‘बॅश’ ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये आणलेले. 1973 मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये नलिका आली आणि एका आज्ञेचे फलित दुसरीच्या तोंडी देता येऊ लागले. समतलनाला हीच रचना सोयीची पडते. फायली शोधणारी आज्ञा वेगळी, मोजणारी वेगळी, गणित करणारी वेगळी आणि बदल घडवणारी वेगळी. शेल त्यांना एका सूत्रात ओवते. जुन्या लॅपटॉपवरही हे काम रात्रभरात बिनबोभाट होते आणि त्यासाठी कोणताही परवाना विकत घ्यावा लागत नाही.

प्रत्यक्ष आज्ञावली जेमतेम वीस-पंचवीस ओळींची असते, पण तिच्यात पाय घसरण्याच्या जागा बऱ्याच आहेत. ‘फाइंड’ ही आज्ञा संग्रहातील फायलींची यादी करते. गाण्यांच्या नावांत मोकळ्या जागा, अवतरणचिन्हे, क्वचित नवी ओळही असते; म्हणून नावे एकमेकांपासून शून्यबाइटने वेगळी करण्याचा पर्याय द्यावा आणि फाइलचे नाव धरणाऱ्या चलाला प्रत्येक ठिकाणी दुहेरी अवतरणात ठेवावे. हे न केल्यास तीन शब्दांचे एक नाव तीन फायली समजले जाते. देवनागरी नावांना आणखी एक मर्यादा आहे. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थेत नाव 255 बाइटांत बसावे लागते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट घेते. म्हणजे जास्तीत जास्त 85 चिन्हे. राग, ताल, गायक, साथीदार आणि मैफलीचे साल नावातच लिहिणाऱ्या हौशी संग्राहकाची हद्द तेथे संपते. मेमरी कार्डावरील व्यवस्थेत ही मर्यादा वेगळी असल्याने तेथे व्यवस्थित बसलेले नाव संगणकावर उतरवताना नाकारले जाते.

मोजणीसाठी ‘एफएफएमपेग’ यादीतील एकेका नावासाठी चक्रात चालवताना त्याला प्रमाण आगताला, म्हणजे यादी ज्या वाटेने आत येते तिला, हात लावू नये असे बजावावे लागते. अन्यथा ते यादीतील पुढच्या नावाची सुरुवातीची काही अक्षरे गिळून टाकते आणि ‘फाइल सापडत नाही’ अशी तक्रार छापते. या एका त्रुटीने नवख्यांच्या जितक्या रात्री खर्ची पडल्या असतील, तितक्या दुसऱ्या कशाने क्वचितच पडल्या असतील. गणिताचेही पथ्य आहे. बॅशला अपूर्णांक समजत नाहीत, म्हणून वजाबाकी ‘ऑक’ या आज्ञेकडे द्यावी.

ते गणित असे. लक्ष्य उणे 18. डीजे मिश्रण उणे 9 निघाले, तर त्याला नऊ डेसिबलने उतरवावे. उतरवण्यात कसलाच धोका नाही. नाट्यपद उणे 23 निघाले, तर त्याला पाच डेसिबल चढवायला हवेत. पण त्याचे शिखर मुळात उणे 2 वर असेल, तर चढवल्यावर ते छताच्या तीन डेसिबल वर जाईल, म्हणजे कापले जाईल आणि तार स्वरांवर आवाज फाटेल. छताखाली एक डेसिबलची जागा राखायची, तर त्याला एकच डेसिबल देता येतो. ‘एमपीथ्रीगेन’ मधील ‘के’ हा पर्याय असाच आवरते घेतो. संग्रहातील हळू मुद्रणे बरीच असतील, तर सर्वांचे लक्ष्यच खाली आणावे आणि वाढीव आवाजाचे काम ॲम्प्लिफायरवर सोडावे, हे अधिक शहाणपणाचे. अनेकांना हे पटत नाही, कारण पहिल्यांदा ऐकताना सारा संग्रहच हळू झाल्यासारखा वाटतो.

‘एफएफएमपेग’ मधील ‘लाउडनॉर्म’ ही गाळणी दोन फेऱ्यांत वापरायची असते. पहिल्या फेरीत मोजायचे, दुसरीत मोजलेले आकडे परत देऊन बदल करायचा. सरळ पद्धतीत ती संपूर्ण मुद्रणाला एकाच आकड्याने गुणते आणि संगीतातील चढउतार अबाधित राहतात. मात्र मुद्रणाचा प्रबलताविस्तार, म्हणजे त्यातील हळू आणि मोठ्या भागांमधले अंतर, आज्ञेत दिलेल्या मर्यादेहून मोठा असेल, किंवा शिखर छताबाहेर जात असेल, तर ती न विचारता गतिशील पद्धतीवर उतरते आणि क्षणोक्षणी आवाज वरखाली करू लागते. ही मर्यादा न सांगितल्यास सात एकके धरली जाते. चित्रपटगीताला सात पुरतात. विलंबितापासून द्रुतापर्यंत जाणाऱ्या ख्यालाला ती पुरतीलच असे नाही, आणि अपुरी पडली तर आलाप फुगवला जातो, तानेचा जोर दाबला जातो. म्हणून मर्यादा मापलेल्या विस्ताराहून मोठी द्यावी आणि अखेरच्या अहवालात पद्धत ‘लिनिअर’, म्हणजे सरळ, छापली आहे ना, हे आज्ञावलीकडूनच तपासून घ्यावे. गतिशील पद्धतीत ही गाळणी नमुनादर 192 किलोहर्ट्झवर नेते. तो परत मूळ दरावर आणण्याची सूचना न दिल्यास फायली विनाकारण सुजतात.

जुन्या मुद्रणांचे प्रश्न निराळे. 78 फेऱ्यांच्या तबकड्या एकवाहिनी असतात. ‘बीएस 1770’ मध्ये वाहिन्यांची ऊर्जा एकत्र केली जाते, त्यामुळे तेच मुद्रण एका वाहिनीत असेल तर दोन वाहिन्यांत असण्यापेक्षा तीन एकके हळू मोजले जाते. दोन स्पीकरांवर ऐकताना दोन्हींत फरक नसतो. त्यामुळे एकवाहिनी फाइलला दुहेरी समजण्याचा पर्याय सुरू न केल्यास सर्व जुनी गाणी तीन डेसिबलने वाजवीपेक्षा मोठी होऊन बसतात. शिवाय तबकडीची खरखर वरच्या स्वरांत असते आणि मोजमापातील पहिली गाळणी नेमके तेच स्वर उचलते. खरखर जास्त तितके गाणे मोठे मोजले जाते. अशा मुद्रणांना यंत्राच्या आकड्यावर न सोडता कानाने तपासून एक-दोन डेसिबल हाताने द्यावेत. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या परिवारातील संग्राहक ज्या निगुतीने अशा तबकड्या सांभाळत आले, त्या निगुतीला आकड्यांची आंधळी अंमलबजावणी शोभत नाही.

याच संदर्भात एकेका गाण्याचे समतलन आणि संपूर्ण अल्बमचे समतलन हा भेद येतो. पहिल्यात प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे लक्ष्याला नेली जाते. दुसऱ्यात एका अल्बममधील सर्व फायलींना मिळून एकच आकडा लागतो, त्यांच्यातील आपसांतील फरक तसाच राहतो. एका रागाचे आलाप, विलंबित आणि द्रुत असे तीन फायलींत तुकडे केलेले असतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिला, तर कलाकाराने तासाभरात बांधलेला चढ सपाट होतो. रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या मुद्रणालाही हेच लागू. माझ्या मते शास्त्रीय संगीत, कीर्तन आणि लोककलांची सलग मुद्रणे यांना अल्बमपद्धतीच लावावी. एकेरी पद्धत सुट्या गीतांच्या मिसळीपुरती ठेवावी. येथेही शेलची एक खोच आहे. ‘मेटाफ्लॅक’ ला एका आज्ञेत जितक्या फायली दिल्या जातात, तितक्या सर्व मिळून तो एक अल्बम मानतो. पूर्ण संग्रह एकदम दिला, तर किशोरी आमोणकर आणि वरातीचा बँड एकाच अल्बमात गोवले जातात. म्हणून आज्ञावलीने फोल्डरगणिक चालावे आणि संग्रहाची मांडणीही त्याच हिशेबाने आधी करून घ्यावी.

दस्तऐवज म्हणून जतन करायच्या मुद्रणांचा नियम कडक आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचना 24 बिट आणि शक्यतो 96 किलोहर्ट्झचे मूळ मुद्रण जसेच्या तसे राखण्यास सांगतात. समतलन करायचे ते ऐकण्यासाठी काढलेल्या प्रतीवर. केसलापूरच्या नागोबा जत्रेतील गाणे किंवा गावातील वृद्ध परधानाची किकरी मोबाइलवर टिपणाऱ्यानेही हीच शिस्त पाळावी: मूळ फाइल एका फोल्डरात वाचनापुरती कुलूपबंद, आणि आज्ञावली फक्त दुसऱ्या फोल्डरात लिहिणारी. ज्या मुद्रणात मोबाइलच्या जवळ तुडुम वाजल्याने शिखरे मुळातच कापली गेली आहेत, ते कोणत्याही समतलनाने दुरुस्त होत नाही. पातळी खाली आणली तरी फाटका आवाज फाटकाच, फक्त हळू ऐकू येतो.

उपयोगाच्या बाजूने शेवटी उपकरणाचा विचार करावा लागतो. संगणकावरील आणि मोबाइलवरील गाणी वाजवणारे बरेचसे चांगले प्रोग्रॅम रिप्लेगेनचे टॅग पाळतात. मोटारीतील स्टिरिओ, ट्रॅक्टरवरचा पेन ड्राइव्हचा डबा आणि मंदिरातील ध्वनिक्षेपकाचे यंत्र सहसा पाळत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच आज्ञावलीच्या शेवटी आणखी एक टप्पा जोडतात: टॅग लावलेल्या संग्रहातून निवडक फायलींची एमपीथ्री प्रत काढायची, त्या प्रतीवर ‘एमपीथ्रीगेन’ चालवायचे आणि मगच ती पेन ड्राइव्हवर उतरवायची. दीड डेसिबलच्या घरांमुळे येणारी चूक पाऊण डेसिबलहून अधिक नसते, आणि नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाडीच्या घरघरीत ती कोणाच्या कानालाही लागत नाही.